तारेत कोरलेली नावे : बिदरी स्मृतिपट्ट्या करून घेतल्याचा अनुभव

लातूरच्या आमच्या हौशी रेडिओ मंडळाने दिवंगत सभासदांच्या स्मरणार्थ बिदरी कामाच्या, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार ठोकून अक्षरे भरलेल्या, नऊ पट्ट्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील एका कारखान्यातून करून घेतल्या. कामाचा दर्जा, लागलेला वेळ, खर्च आणि मध्यंतरी झालेला एक मोठा गोंधळ यांविषयी सविस्तर लिहावे, अशी इतर हॅम मित्रांची मागणी होती, म्हणून हा लेख. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जो गोंधळ झाला त्यात आमचा वाटा निम्म्याहून अधिक होता, आणि केवळ आमच्या बाजूने सांगितलेल्या हकिकतीमुळे एखाद्या कारागिराच्या नावाला बट्टा लागावा हे बरे नव्हे.

हॅम रेडिओशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. परवानाधारक हौशी रेडिओचालकाला सरकारकडून एक संकेतचिन्ह मिळते. भारतातील बहुतेक संकेतचिन्हांची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते, पुढे २ किंवा ३ हा आकडा येतो आणि शेवटी दोन-तीन अक्षरे. राजीव गांधी यांचे संकेतचिन्ह ‘व्हीयू २ आरजी’ होते. हवेत माणूस नावापेक्षा या चिन्हानेच अधिक ओळखला जातो. मला मंडळात येऊन चार वर्षे झाली तरी दोन सभासदांची आडनावे ठाऊक नव्हती. चिन्हे मात्र झोपेतही सांगता आली असती. असा चालक वारला की जगभरचे हॅम त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, म्हणजे जिची कट्ट-कडकट्ट थांबली आहे अशी, ठिपके-रेघांच्या मोर्स लिपीतले संदेश पाठवणारी कळ. त्या दोन शब्दांची आद्याक्षरे एस आणि के. आणि मोर्समध्ये हीच दोन अक्षरे सलग वाजवली की ‘संभाषण संपले’ अशी खूण होते. त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या तळाशी ती खूण असावी, यावर आमच्यात कधी वाद झाला नाही.

वाद झाला तो पट्टी कशाची करावी यावर. ग्रॅनाइटवर अक्षरे कोरून देणारे लातुरातच आहेत, पण ग्रॅनाइट म्हटले की डोळ्यांसमोर उद्घाटनाची कोनशिला येते आणि तिच्यावर दिवंगतांपेक्षा पाहुण्यांची नावे मोठी असतात. अॅक्रिलिकवर लेझरने चार दिवसांत काम झाले असते आणि पैसेही कमी लागले असते. फ्लेक्सचा विषय एकाने काढला आणि बाकीच्यांनी तो तिथेच मिटवला. चौकाचौकांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पाहून आमचे डोळे आधीच थकलेले आहेत. पितळी पत्र्यावर फेरिक क्लोराइडने अक्षरे खाऊन घेण्याची सूचना मला मनापासून आवडली होती, कारण आमच्या दिवंगतांपैकी निदान चौघांनी त्याच द्रावणात घरच्या घरी सर्किट बोर्ड बुडवून स्वयंपाकघरातील भांडी कायमची डागाळली होती आणि त्यावरून घरात बोलणी खाल्ली होती. पण पितळेवर भरलेला काळा रंग पुढे कोणी तरी चिंच-मीठ लावून घासून टाकील, ही भीती खरी होती.

बिदरीचा विचार सुचवला तो आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी. ते डाक-तार खात्यातून निवृत्त झालेले असल्याने आम्ही त्यांना तारमास्तर म्हणतो. त्यांचे म्हणणे साधे होते: बिदरीत चांदीची तार ठोकून नक्षी भरतात, आणि आपली माणसे तारेवरचीच होती. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून ‘तार’ हा शब्द आमच्या पुढच्या पिढीसाठी कपडे वाळत घालण्यापुरता उरला आहे. त्याआधी घरी तार आली की वाचण्यापूर्वीच बायका रडू लागत, हे आमच्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवते. मृत्यूची बातमी आणणारी तार आणि मृताचे नाव धरून ठेवणारी तार, हे नाते तारमास्तरांनी बोलून दाखवले नाही. पण त्यांनी बिदरीचे नाव काढले आणि सभेत कोणाला दुसरे काही सुचेना.

बिदरीचे मूळ शेजारच्या बिदर शहरात, आणि २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले; पण निजामी मुलखाच्या जुन्या वहिवाटीमुळे छत्रपती संभाजीनगरातही ही कला हिमरू आणि पैठणीच्या सोबतीने टिकून आहे. लातूरहून बिदर जवळ पडते, हे मान्य. आमच्या एका सभासदाचे त्या शहरात नेहमी जाणे असल्याने आम्ही तिकडे वळलो. पहिल्या भेटीत कारखान्याच्या मालकांनी आम्हाला खाली बसवून सगळी प्रक्रिया दाखवली, आणि नुसत्या त्या दोन तासांसाठीही मी त्यांना चांगले गुण देईन. जस्तात थोडे तांबे, साधारण सोळा भागांस एक, मिसळून साच्यात पट्टी ओततात. ती घासून गुळगुळीत केल्यावर तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि टोचणीने ओढलेली रेघ दिसू लागते. मग बारीक छिन्नीने खाचा पाडून त्यांत चांदीची तार ठोकतात आणि कानशीने सगळे एका पातळीत आणतात. या टप्प्याला चांदी आणि जस्त दोन्ही पांढरेच दिसतात, नक्षी जवळजवळ नाहीशी होते. शेवटी पट्टी किंचित तापवून तिच्यावर बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप चोळला की जस्ताचा भाग कायमचा काळा पडतो आणि चांदी तशीच झळकत राहते. माती बिदरचीच का, असे विचारल्यावर मालकांनी ती चिमूटभर जिभेवर ठेवून दाखवली. चवीवरून माती पारखणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

आम्ही नऊ पट्ट्यांची मागणी दिली. प्रत्येक पट्टी सात इंच लांब, तीन इंच रुंद आणि पाच मिलिमीटर जाड. वर देवनागरीत नाव, त्याखाली जन्म-मृत्यूची वर्षे, त्याखाली मोर्सच्या ठिपक्या-रेघांत संकेतचिन्ह, आणि तळाशी ती शेवटची खूण. दर पट्टीमागे ३,२०० रुपये ठरले, एकूण २८,८००. निम्मी रक्कम आगाऊ दिली. मुदत दोन महिन्यांची सांगितली होती, प्रत्यक्षात चार महिने लागले.

देवनागरीचे काम अपेक्षेपेक्षा कितीतरी सरस उतरले आहे. तारकशीला आपली लिपी सोयीची असावी, कारण संपूर्ण नावाची शिरोरेषा कारागिराने एकाच अखंड तारेत बसवली आहे आणि खालची अक्षरे तिला खरोखर टांगलेली दिसतात. छापील अक्षरांत हा परिणाम साधत नाही. जोडाक्षरांत मात्र हात अडखळला आहे. एका नावातील ‘ज्ञ’ इतका गिचमिड झाला आहे की माहीत असलेल्यालाच तो वाचता येईल. आमच्या एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबाला नाव उर्दूतही हवे होते. त्या एका पट्टीवर कारागिराने जे केले आहे ते पाहून बाकीच्या आठ पट्ट्या त्याने नुसत्या कर्तव्य म्हणून केल्या की काय, अशी शंका येते. वळणदार अक्षरांत तार कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते भिंगातूनही कळत नाही. जादा पैसे त्याने मागितले नाहीत.

आता गोंधळाकडे येतो. मोर्स ही केवळ ठिपके आणि रेघा यांची लिपी नाही, ती मोकळ्या जागांचीही लिपी आहे. ठिपक्याची लांबी एक मानली तर रेघ तीन असते, एकाच अक्षरातील खुणांमध्ये एकाइतकी जागा सुटते, दोन अक्षरांमध्ये तिनाइतकी आणि दोन शब्दांमध्ये साताइतकी. हे आम्हाला इतके अंगवळणी पडलेले की कोणाला सांगावे लागते हेच आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही वहीच्या कागदावर हाताने ठिपके-रेघा काढल्या, त्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि निर्धास्त झालो. बिदरीच्या कारागिराने त्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या नजरेने पाहिले, म्हणजे किनारीची नक्षी म्हणून पाहिले. आणि नक्षीतली अंतरे कमी-जास्त असतील तर कोणताही चांगला कारागीर ती सारखी करतो. त्यानेही केली. चार पट्ट्यांवर संकेतचिन्हाची ओळ एकसारख्या अंतराने, अतिशय सुबकपणे भरली. शेवटच्या खुणेत मात्र आमच्याच हस्ताक्षरामुळे एस आणि के यांच्यामध्ये थोडी फट पडली होती. ती त्याने दोन फुलांमधील जागा समजून आणखी ठसठशीत केली. म्हणजे जिथे जागा हवी तिथे ती गेली आणि जिथे अजिबात नको तिथे आली.

हे उघडकीस आले ते तारमास्तरांमुळे. पट्ट्या पाहायला आम्ही तिघे बीडमार्गे एसटीने गेलो होतो. आम्ही दोघे चांदीच्या चकाकीवर खूश होऊन छायाचित्रे काढत होतो. मास्तरांनी एक पट्टी उजेडात धरली आणि ओठांतल्या ओठांत ‘डी-डी-डी-डा’ म्हणत वाचू लागले. मध्येच थांबले, पुन्हा सुरुवातीपासून वाचले, आणि पट्टी खाली ठेवून म्हणाले, “हे कोण आहेत? हे आपल्यातले नाहीत.”

कारखान्यात काही क्षण कोणी बोलले नाही. बिदरीत खोडरबर नसते. खाच पडली की पडली. ती बुजवता येत नाही, पट्टी वितळवून पुन्हा ओतावी लागते. मालकांनी आवाज चढवला नाही आणि आम्हालाही तो अधिकार नव्हता. बराच वेळ हिशेब होऊन चारही पट्ट्या नव्याने करायचे, धातू व चांदी त्यांनी परत वापरायची आणि मजुरीपैकी पट्टीमागे ८०० रुपये आम्ही द्यायचे असे ठरले. एकूण ३,२०० रुपयांचा हा भुर्दंड मला योग्यच वाटतो. आमच्यातील काहींना तो अजूनही सलतो, हेही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. प्रत्येक चिन्हाचा आराखडा प्रत्यक्ष मापात छापून नेला. ठिपका दोन मिलिमीटरचा धरला. त्या मापाने नुसते ‘व्हीयू २’ हे ३७ एककांत, म्हणजे ७४ मिलिमीटरांत बसते आणि पुढची तीन अक्षरे धरूनही पट्टीवर दोन्ही बाजूंना समास उरतो. कागद थेट धातूवर चिकटवून त्यावरूनच खाचा पाडल्या. शेवटची खूण पंधरा एककांची, सलग, तीस मिलिमीटर. ती सगळ्या पट्ट्यांवर एकच आहे हे कळल्यावर कारागिराने राहिलेल्या पट्ट्यांवर ती एका बैठकीत उरकून टाकली आणि मग चिन्हांना हात घातला. या वेळी तारमास्तरांनी नऊच्या नऊ पट्ट्या क्रमाने वाचल्या. एकाही ठिकाणी ते थांबले नाहीत.

एक अडचण कारखान्याची नव्हती, आमची होती. आपल्याकडे मर्यादित श्रेणीच्या परवान्याला मोर्स यावे लागत नाही आणि त्या श्रेणीचे चिन्ह ‘व्हीयू ३’ने सुरू होते. नऊपैकी दोघे त्या श्रेणीचे. त्यांतील एका काकांना मोर्सचा इतका तिटकारा होता की बँडवर तो आवाज आला की ते संचाचा आवाज बंद करत. त्यांचे चिन्ह कायमचे मोर्समध्ये भरावे काय, यावर मंडळाच्या दोन सभा खर्ची पडल्या. अखेर त्यांच्या पत्नीला विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भरा. आता काय बंद करणारेत ते?”

अंतिम कामाविषयी काही तक्रारी आहेत. पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून दिल्या होत्या. एकेक पट्टी जवळपास अर्धा किलोची असल्याने प्रवासात दोन पट्ट्या एकमेकींवर घासल्या आणि एका कोपऱ्यावर ओरखडा आला. मागची बाजू खडबडीत सोडलेली आहे आणि टांगण्यासाठी कडी किंवा भोक काहीही नाही. पुरे झालेल्या कामाला भोक पाडणे धोक्याचे असल्याने हे आधीच ठरवून घ्यायला हवे होते. दोन पट्ट्यांचा काळा रंग इतरांपेक्षा तपकिरीकडे झुकतो. पावती हाताने लिहिलेली मिळाली आणि तीही मागितल्यावर. फोन मात्र नेहमी उचलला गेला, आणि ‘झालेच आहे’ असे खोटे एकदाही सांगितले नाही. ‘अजून हात लावलेला नाही’ असे ज्या सरळपणे सांगितले जाई, त्याचा राग येण्याऐवजी पुढे पुढे त्याचे कौतुक वाटू लागले. निगा सोपी आहे: महिन्या-दोन महिन्यांनी खोबरेल तेलाचा बोट फिरवून मऊ कापडाने पुसायचे, आणि पितळ-चांदीच्या पॉलिशला जवळ येऊ द्यायचे नाही.

पट्ट्या बसवण्याची चौकट लातूरच्या एका सुताराने सागवानात ६,५०० रुपयांत केली. प्रत्येक पट्टीसाठी स्वतंत्र घर आणि ती धरायला कडेला फिरवता येतील अशा छोट्या पितळी पट्ट्या, ही कल्पना त्याची. घरे किती ठेवायची हा प्रश्न त्याने अगदी सहज विचारला आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. नऊच ठेवली तर पुढे काय, आणि जास्त ठेवली तर ती रिकामी घरे पाहत दर रविवारी चहा कोण पिणार? एका सभासदाने शांतपणे स्वतःपासून मोजायला सुरुवात केली तेव्हा त्याला गप्प करावे लागले. शेवटी बारा घरे केली आणि खालच्या तीन घरांत साधे सागवानी तुकडे बसवले, म्हणजे ते लाकूडच वाटते. तरीही नवीन येणारा माणूस ते तीन तुकडे मोजतोच, हे मी पाहिले आहे.

फलक ३० सप्टेंबरला लावला. १९९३ साली याच तारखेला, विसर्जनाची रात्र संपत असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि परिसरातील गावे जमीनदोस्त झाली. पट्ट्यांवरील नऊजणांपैकी दोघांनी तेव्हा छावणीत मोटारीच्या बॅटरीवर संच चालवून नातेवाइकांचे निरोप पाठवले होते. समारंभ केला नाही, नारळही फोडला नाही. चाळीस मीटरच्या बँडवर आमच्या नेहमीच्या वेळेला तारमास्तरांनी नऊ चिन्हे एकेकदा पुकारली, प्रत्येकीनंतर उत्तरासाठी सोडतात तेवढी जागा सोडली आणि अखेरीस ती खूण वाजवली. चिन्हांची अक्षरे इथे दिलेली नाहीत, कारण कुटुंबांची परवानगी फलकापुरतीच घेतलेली आहे.

त्यानंतर महिन्याभरात एका दिवंगत सभासदाच्या घरून क्यूएसएल कार्डांचा खोका आला. दोन हॅम हवेत भेटले की भेटीची पोच म्हणून एकमेकांना पाठवतात ती ही कार्डे. त्यांत १९९१ सालचे एक कार्ड होते, ठिकाण उदगीर, आणि त्यावरील चिन्ह आमच्यापैकी कोणालाही ओळखू येईना. तारमास्तरांना आठवायला दोन दिवस लागले. ते गृहस्थ बँकेत होते, बदली होऊन गेले आणि १९९८ मध्ये वारले. मंडळाच्या वहीत त्यांचे नाव शेवटी कोणी लिहिलेच नव्हते. नांदेडला असलेल्या त्यांच्या मुलाशी बोलून आम्ही दहाव्या पट्टीची मागणी दिली. या वेळी आराखडा पहिल्या दिवशीच मापात छापून पाठवला, मागे कडी नको हेही कळवले, आणि पट्टी पाच आठवड्यांत, ३,५०० रुपयांत, थर्मोकोलच्या खोक्यात बसवून आली. तिचा काळा रंग सगळ्यांत गडद आहे. फलकावर क्रम मृत्यूच्या वर्षाप्रमाणे असल्याने तिला तळाशी बसवून चालणार नव्हते. आम्ही खालच्या सहा पट्ट्या एकेक घर खाली उतरवल्या आणि चौथ्या घरात ती बसवली.